गावात घर असताना खोली भाड्यानं घेतली, तर एवढं काय बिघडलं?

पेठेतली_पोरगी
वय 27, घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, घरात नऊ माणसं. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. गेल्या महिन्यात राजारामपुरीत एक खोली घेतली, स्कूटरवरून दहा मिनिटं. भांडण नाही, लव्ह मॅरेजचा पत्ता नाही, घरी पंधरा हजार देत होते ते अजून देते. फक्त मीटिंग चालू असताना मागं काकूचा मिक्सर, चुलतभाऊ येऊन चार्जर उपटून नेणार, आणि कोण पाहुणे आले की लॅपटॉप बंद करून चहा ठेवायचा, हे मला आता झेपेना. आज्जी विचारते, "काय कमी पडलं गं तुला?" कमी काहीच पडलं नाही हो, तेच तर सांगता येत नाही. गंमत म्हणजे आधी तीन वर्षं पुण्यात पीजीत होते तेव्हा हीच माणसं कौतुकानं सांगायची "पोरगी पुण्यात असते". आता दहा मिनिटांवर गेले तर घर मोडलं म्हणे. मी स्वार्थी का?

उद्यमनगरवाला
ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं, आईबाबांना तालमीच्या, म्हणजे आमच्या मंडळाच्या, पोरांनी बोटीतनं काढलं, पुढचे आठ दिवस आम्ही चुलत्याच्या हॉलमध्ये चौदा जण, हायवे बंद, दूध नाही पेट्रोल नाही, तरी एक दिवस कोण उपाशी झोपलं नाही. एकटं खोलीत असतो तर कोण आलं असतं बघायला, घरमालक? मी डिप्लोमा झाल्यावर सरळ बाबांच्या फौंड्रीत बसलो, मला काय पाहिजे ते कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगू का, बरंच झालं. माझं माझं करणारी पोरं दोन वर्षांत डिप्रेशन घेऊन परत येतात.

नाद_खुळा_09
पूर काय रोज येतोय होय भावा 😂

जुना_मास्तर
पूर्वेकडचे ते समूहवादी, पश्चिमेकडचे ते व्यक्तिवादी ही वाटणी एवढी सोपी नाही. हॉफस्टेड म्हणून एक डच संशोधक होता, त्यानं 1967 ते 1973 च्या काळात देशोदेशीच्या आयबीएमच्या नोकरदारांनी भरलेल्या प्रश्नावल्या घेतल्या आणि त्यावरून देशांना व्यक्तिवादाचे मार्क दिले. त्या मूळ आकड्यांत अमेरिका 91, पाकिस्तान 14, जपान 46 आणि आपण 48. म्हणजे मधेच लोंबकळतोय. (त्या काळी आयबीएमात असलेला माणूस म्हणजे काय पेठेतला वाडा नव्हे, ते सोडा.) आणि हे मार्क देशाचे, एकेका माणसाचे नव्हेत, हे तो स्वतः बजावून सांगायचा. तिकडं अमेरिकेत तरी काय, कोविडात 2020 च्या जुलैत 18 ते 29 वयाची निम्म्याहून जास्त, 52 टक्के पोरं आईबापाच्या घरी होती. अडचण आली की तेही घरीच येतात.

उद्यमनगरवाला
मग मी तेच म्हणतोय की सर.

कळंब्याची_ताई
उद्यमनगरवाले दादा, एक विचारू? रोज रात्री जेवण झाल्यावर तुम्ही कुठं असता?

उद्यमनगरवाला
तालमीत. साडेअकरा बारापर्यंत. का?

कळंब्याची_ताई
हेच. तुम्हाला घराबाहेर एक खोली आधीपासनं आहे, फुकट आहे, कॅरम आहे, टीव्ही आहे, शाहू स्टेडियमवर मॅच असली की दिवसभर घरी नसला तरी कोण विचारत नाही, उलट "पोरगं मंडळाचं काम करतंय". तुमच्या बहिणीला घराबाहेर बसायला जागा कुठली आहे सांगा बघू. देऊळ नाहीतर मैत्रिणीचं लग्न. हिनं तीच जागा भाडं भरून घेतली तर लगेच ती व्यक्तिवादी झाली.

उद्यमनगरवाला
ते वेगळं ओ.

नाद_खुळा_09
कसं वेगळं ते सांग की मर्दा 😂😂

उद्यमनगरवाला
तालमीत मी एकटा नसतो, चाळीस पोरं असतात, कोण आजारी पडलं की रात्री दोनला गाडी काढतात. त्यांच्या खोलीत कोण आहे? माझा विरोध खोलीला नाही, एकटेपणाला आहे. पण बहिणीचं म्हणालात ते खरं आहे, ते मला सुचलं नव्हतं.

दसरा_चौक
घर सोडून राहणं म्हणजे पाश्चात्त्य खूळ असं म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या चौकात येऊन बघावं. 1901 पासनं शाहू महाराजांनी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी करायला जागा, पैसा दिला ते कशासाठी, खेड्यातलं पोरगं घरातनं, शेतातनं बाहेर पडून शिकावं म्हणूनच की. माझे आजोबा असल्याच एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. पैसा समाजाचा, आयुष्य पोराचं. यात व्यक्ती कुठं संपते आणि समाज कुठं चालू होतो मला तरी दाखवता येणार नाही.

जुना_मास्तर
मुद्दा चांगला, पण बोर्डिंगात जेवायची वेळ, दिवा घालवायची वेळ सगळं ठरलेलं असायचं. हिला नेमकं तेच नकोय. दोन्ही एका मापानं मोजू नका.

पेठेतली_पोरगी
मास्तर बरोबर. मला शांतता पाहिजे, एकटेपणा नाही, पण त्यासाठी घरात शब्दच नाही. "जरा एकटी बसते" म्हटलं की आई कपाळाला हात लावून ताप बघते. आणि दादा, खोलीत कोण आहे विचारलंत ना, रविवारी आज्जीच आली होती, रिक्षानं, घरात कुणाला न सांगता. दोन तास झोपली. उठल्यावर म्हणाली, इथं कोण हाका मारत नाही गं. डिपॉझिटचे पैसे पण भावानं दिलेत, बाबांना अजून माहीत नाही.

उद्यमनगरवाला
मग एकटी कुठं आहे तुम्ही, अख्खी भावकी सामील आहे की यात.

कळंब्याची_ताई
भाडं किती पडतं गं तिकडं? आणि मालक एकट्या बाईला देतात का, का नवऱ्याचं आधार कार्ड मागतात? माझ्यासाठी नाही, सहज विचारतेय.