रोज पोस्ट टाका, वेबसाइट नको: हा सल्ला छोट्या व्यवसायांना आणि संस्थांना बुडवणारा आहे

आपली_जागा (धागाकर्ता)
दोन दिवसांपूर्वी इथे एका सदस्यांनी लिहिलं की छोट्या व्यवसायांनी आणि सेवाभावी संस्थांनी वेबसाइटवर पैसा घालवू नये. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पान उघडा, रोज एक पोस्ट टाका, बरी चालली की पैसे भरून बूस्ट करा (म्हणजे जास्त लोकांना दाखवा), ग्राहक आणि देणगीदार आपोआप येतील. त्याखाली '+१' आणि 'अगदी बरोबर'ची रांग लागलेली पाहून गप्प बसवेना, म्हणून वेगळा धागा.

पानाला लाइक करणाऱ्या सगळ्यांना तुमची पोस्ट दिसते, हे गृहीतच चूक आहे. फीडमध्ये मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट पुढे येणार आणि व्यवसायांच्या मागे जाणार, हे फेसबुकने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं. रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोचते ते) त्याआधीपासूनच घसरत होता. आता पोचायचं तर पैसे मोजा, आणि मोजायचेच तर निदान बूस्टच्या बटणावर नकोत. लाइक-कमेंट वाढवायचं उद्दिष्ट निवडलं गेलं की यंत्रणा अंगठा दाबायची सवय असलेली माणसं शोधून आणते. विकत घेणारी आणि देणगी देणारी माणसं वेगळी असतात. फेसबुकच्याच ॲड्स मॅनेजर या जाहिरातींच्या साधनात हे सगळं बारकाईने ठरवता येतं. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेपासून सुरुवात करून आयफोनच्या ॲपमधून बूस्ट करणाऱ्यांवर ॲपलचं ३० टक्के शुल्क बसू लागलं. तेच ब्राउझरमधून केलं तर लागत नाही. रोज पोस्ट टाकायला सांगणारे हे का सांगत नाहीत?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम काही तास बंद पडली. ज्यांचं सगळं तिथेच होतं, त्यांचे ग्राहक तेवढा वेळ तुटले.

आधी स्वतःच्या नावाचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता), त्यावर चार पानांची का होईना वेबसाइट, आणि लोकांच्या संमतीने गोळा केलेली ईमेल यादी. गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल सर्च आणि नकाशावर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद) फुकट आहे, ते आजच भरा. सोशल मीडिया त्यानंतर.

रोकठोक_जमाखर्च
पुस्तकात शोभेल असं लिहिलंय. आम्ही केली होती वेबसाइट. बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, पैसे माझ्याकडून. पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं. पत्ता बदलला तरी वेबसाइटवर जुनाच, आणि लोक तिकडे जाऊन मला शिव्या घालायचे. इन्स्टाग्रामवर मी स्वतः रात्री बसून दोन मिनिटांत पत्ता बदलतो. ग्राहक तिथेच विचारतो, तिथेच ऑर्डर देतो. एकट्याने धंदा चालवणाऱ्याने वेबसाइट सांभाळायची कधी? आणि ते डोमेन परत कसं मिळवायचं, हे कुणी सांगेल का?

आपली_जागा (धागाकर्ता)
तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण दोष डोमेन दुसऱ्याच्या नावावर असण्याचा आहे, वेबसाइटचा नाही. सोशल मीडियावरही हेच होतं. एजन्सी स्वतःच्या बिझनेस मॅनेजरमध्ये (फेसबुकची पानं सांभाळायच्या खात्यात) तुमचं पान उघडते आणि करार मोडला की तुम्ही बाहेर. गूगलने बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट दिलेल्या वेबसाइटही मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. दुसऱ्याच्या जागेत हे चालायचंच.

अनवाणी
मी एका संस्थेचं हे काम सांभाळते, पगारी नाही. वेबसाइट हवी, हे मलाही पटतं, कारण ती नसेल तर गूगल ॲड ग्रँट्स या संस्थांसाठीच्या योजनेला अर्जच करता येत नाही. महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट, पण त्या अटी एकदा वाचून पाहा. क्लिकचं प्रमाण सलग दोन महिने ५ टक्क्यांच्या खाली राहिलं की खातं अडचणीत, एका शब्दाचे कीवर्ड (जे शोधल्यावर जाहिरात दिसते ते शब्द) जवळपास चालतच नाहीत, आणि जाहिरात फक्त मजकुराची. आमच्या कामाचं नाव टाकून शोधणारंच कुणी नसेल तर ते १०,००० डॉलर कागदावरच राहतात.

खरं सांगायचं तर आमच्याकडे पैसे आले ते एका फोटोमुळे. शस्त्रक्रियेआधीचा एका मुलीचा फोटो टाकला, लोकांनी शेअर केला, आणि वर्षभराच्या ईमेलनी आणलं नव्हतं तेवढं आलं. त्यामुळे 'सोशल मीडिया नंतर' हे संस्थांना लागू नाही.

कडुलिंब
त्या मुलीला विचारलं होतं का?

माझ्या धाकट्या भावाला शाळेत असताना एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली होती. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला त्याचा फोटो, आणि खाली ओळ: 'तुमच्या मदतीशिवाय याचं शिक्षण थांबेल.' कॉलेजात गेल्यावर वर्गातल्या कुणाला तरी तो सापडला आणि ग्रुपवर फिरला. तो आठवडाभर कॉलेजला गेला नाही. आम्ही संस्थेला फोन केला तर म्हणाले, पोस्ट काढतो, पण शेअर झालेल्या प्रतींचं आम्ही काय करणार? त्याचं शिक्षण थांबणारही नव्हतं. वडील फी भरत होते, शिष्यवृत्ती गुणांवर होती. ती ओळ कुणीतरी ऑफिसात बसून लिहिली.

अनवाणी
तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण आम्ही आई-वडिलांची सही घेतली होती, छापील संमतिपत्रावर. आणि मुलगी आज बरी आहे. फोटो टाकला नसता तर शस्त्रक्रियेचे पैसे कुठून आणले असते, हे सांगा. बाहेर बसून बोलणं सोपं आहे.

कडुलिंब
बाहेर बसून? मी त्या घरात होते. मुलीची शस्त्रक्रिया अडलेली असताना समोर ठेवलेल्या कागदावर कुठले आई-बाप सही करणार नाहीत? नाही म्हटलं तर मदत थांबेल, अशी भीती असताना घेतलेली सही ही संमती नव्हे. संमती म्हणजे 'फोटो दिला नाहीत तरी उपचार होतील' हे आधी सांगून विचारणं. सांगितलं होतं?

रोकठोक_जमाखर्च
धागा डिजिटल मार्केटिंगचा आहे. फोटोवर वेगळा धागा काढा.

कडुलिंब
हे मार्केटिंगच आहे. रोज पोस्ट टाकायच्या म्हटलं की रोज नवा चेहरा लागतो. तो कुणाचा, हे विचारायचं नाही का?

हिशेब_पक्का
बरीच वर्षं निधी-संकलनात काढली आहेत, म्हणून लिहितो. कडुलिंब यांचा सूर मला पटत नाही, अनवाणींवर त्या उगाच घसरल्या. पण मुद्दा खोडता येत नाही.

त्या एका फोटोने आलेल्या देणगीदारांपैकी पुढच्या वर्षी परत किती आले, ते पाहा. माझ्या अनुभवात फार थोडे, कारण ते संस्थेकडे आलेच नव्हते, त्या चेहऱ्याकडे आले होते. फेसबुकवरच्या निधी-संकलनातून पैसे आले असतील, तर देणगीदाराने स्वतः परवानगी दिल्याशिवाय त्याचा ईमेलही तुम्हाला मिळत नाही. आभार तरी कुणाचे मानणार? चेहऱ्याशिवायही काम दाखवता येतं: दुरुस्त झालेलं उपकरण, भरलेल्या बिलाची तपशील झाकलेली प्रत, डॉक्टरांचं दोन ओळींचं निवेदन. पहिल्या दिवशी पैसे कमी येतात, हे खरं आहे. तेवढं सोसायची तयारी हवी.

रोकठोक_जमाखर्च
मग मूळ मुद्द्यावर या. धागाकर्ते ईमेल यादी 'आपली' म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी) आणि एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर गेल्या की मेल खड्ड्यात. मेल किती जणांनी उघडला, हा आकडाही ॲपलने २०२१ मध्ये प्रायव्हसीची सोय आणल्यापासून भरवशाचा राहिलेला नाही. तिथेही दुसऱ्याचेच नियम.

आपली_जागा (धागाकर्ता)
नियम दुसऱ्याचे आहेत, हे मान्य करावं लागेल. जीमेलच्या त्या सगळ्या अटी जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत, आपल्यापैकी बहुतेक त्याच्या जवळपासही नाहीत. तरी एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक सगळ्यांनाच हवं आणि तक्रारींची मर्यादाही सगळ्यांना आहे, तेव्हा मुद्दा पूर्ण खोटा नाही. पण ईमेल यादी ही फाइल आहे. एका कंपनीशी बिनसलं तर ती उचलून दुसरीकडे नेता येते. फॉलोअर नेऊन दाखवा.

तुमच्या डोमेनबद्दल: व्हूइज या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) कोण ते दिसेल. तुम्ही भरलेली बिलं आणि त्या माणसाशी झालेले मेल जमवून रजिस्ट्रारला लिहा. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ऑथ कोड (हस्तांतराचा गुप्त कोड) लागतो, तो खातेदारालाच मिळतो, म्हणून आधी त्या माणसाला लेखी मागणी करा आणि उत्तर जपून ठेवा.

रोकठोक_जमाखर्च
बघतो. इन्स्टाग्राम मात्र सोडणार नाही.

अनवाणी
कडुलिंब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तसं सांगितलं नव्हतं. संमतिपत्र संस्थेने दिलं तसंच वापरलं. तरीही फोटो टाकणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही, कारण मुलगी चालते आहे. आता पोस्टमध्ये तिचा चेहरा झाकला आहे.

कडुलिंब
चेहरा झाकून भागणार नाही. पोस्ट आत्ताच उघडून पाहिली. मजकुरात तिचं पहिलं नाव, वय आणि शाळा अजून तशीच आहे. तीही काढा, आणि ज्या मोठ्या पानांनी शेअर केलं आहे त्यांना आज मेसेज करा.