मदत हवी आहे: नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) जोडीने असलेले दोन अ‍ॅरे एकत्र सॉर्ट कसे करायचे?

धागाकर्ता

१० किलोओहमच्या एनटीसी थर्मिस्टरचं (तापमानाबरोबर रोध बदलणारा घटक) कॅलिब्रेशन करायचं आहे. दोन अ‍ॅरे आहेत. एकात रोध (किलोओहम), दुसऱ्यात त्याच वेळी तापमापकाने दाखवलेलं तापमान (अंश सेल्सिअस). नोंदी आल्या त्याच क्रमाने आहेत, वर-खाली. नमुन्यादाखल पाचच देतो:

रोध = एनपी.अ‍ॅरे([१०.०, ३३.६, ५.३, २०.२, ३.६])
तापमान = एनपी.अ‍ॅरे([२५, ०, ४०, १०, ५०])

(एनपी म्हणजे नमपाय. कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत दिला आहे. चालवताना फंक्शनची मूळ स्पेलिंग आणि रोमन आकडे घ्यावेत.)

७ किलोओहमला तापमान किती, हे एनपी.इंटर्प (दोन नोंदींमधली किंमत सरळ रेषेने काढणारं फंक्शन) वापरून काढायचं आहे. त्याला पहिला अ‍ॅरे चढत्या क्रमात लागतो, म्हणून असं केलं:

रोध.सॉर्ट()
तापमान.सॉर्ट()
एनपी.इंटर्प(७.०, रोध, तापमान)

एरर काही येत नाही. १० किलोओहमला २५ अंश मिळतात, ते बरोबर आहे. पण ७ ला १५.४ मिळतात. एनटीसीचा रोध तापमान वाढलं की घटतो, तेव्हा ७ ला २५ पेक्षा जास्तच यायला हवं. दोन्ही अ‍ॅरे एनपी.कॉलम_स्टॅकने जोडून एनपी.सॉर्ट केलं, तर काही जोड्या बरोबर दिसतात आणि काही उलट्या. योग्य पद्धत कोणती?

प्रतिसाद १

दोन अ‍ॅरे वेगवेगळे सॉर्ट केले की जोड्या तुटतात. तुमच्या कोडमध्ये सर्वांत कमी रोध (३.६) सर्वांत कमी तापमानाला (०) जाऊन चिकटला आणि एनटीसीचा पीटीसी (तापमानाबरोबर रोध वाढणारा) झाला. १० ला २५ बरोबर आलं, कारण ती जोडी दोन्ही याद्यांत अगदी मधोमध आहे. क्रम उलटला तरी मधला मधेच राहतो. म्हणून फक्त २५ अंशांवर तपासणी करू नका, दोन्ही टोकं तपासा.

कॉलम_स्टॅकचं कारण वेगळं आहे. एनपी.सॉर्ट काही न सांगता शेवटच्या अक्षावर सॉर्ट करतं, म्हणजे प्रत्येक ओळीतले दोन आकडे आपसात लावतं. (१०.०, २५) आधीच चढत्या क्रमात, म्हणून तशीच राहिली, (३३.६, ०) ची (०, ३३.६) झाली. अ‍ॅक्सिस=० दिलंत तर प्रत्येक स्तंभ स्वतंत्र सॉर्ट होईल आणि तुमचं पहिलं चुकीचं उत्तरच परत मिळेल. ओळ अखंड ठेवून सॉर्ट करणं हे एनपी.सॉर्टचं कामच नाही.

करायचं असं:

क्रम = एनपी.आर्गसॉर्ट(रोध, काइंड='स्टेबल')
रोध_स = रोध[क्रम]
तापमान_स = तापमान[क्रम]

इथे क्रम म्हणजे [४, २, ० , ३, १]. सर्वांत लहान रोध मूळ अ‍ॅरेत ४ नंबरच्या जागी आहे, त्यापुढचा २ नंबरच्या, असं ते वाचायचं. तोच क्रम तापमानाला लावला की ५०, ४०, २५, १०, ० मिळतं. आता ७ किलोओहमला ३४.६ येईल.

हे आकडे म्हणजे प्रत्येक नोंदीचा क्रमांक नव्हे, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. पहिली नोंद (१०.०) लहानाकडून मोठ्याकडे मोजताना शून्यापासून २ नंबरवर येते, ४ वर नाही. नोंदवार क्रमांक हवे असतील तर आर्गसॉर्टवर पुन्हा आर्गसॉर्ट करा: [२, ४, १, ३, ०]. सॉर्ट केलेली माहिती मूळ क्रमात परत न्यायलाही हाच दुसरा अ‍ॅरे लागतो.

नवी नावं (रोध_स, तापमान_स) मुद्दाम दिली आहेत. रोध = रोध[क्रम] असं लिहून पुढे तापमानासाठी आर्गसॉर्ट(रोध) पुन्हा मोजलंत, तर रोध आधीच सॉर्ट झालेला असल्याने ०, १, २, ३, ४ मिळेल आणि तापमान जागचं हलणार नाही. ज्युपिटर नोटबुकमध्ये तर क्रम एका सेलमध्ये मोजून तापमान = तापमान[क्रम] ही ओळ दुसऱ्या सेलमध्ये असली आणि तो सेल दोनदा चालला, की जोड्या पुन्हा विस्कटतात. एररही येत नाही.

शिवाय एनपी.इंटर्प पहिला अ‍ॅरे चढता आहे की नाही हे तपासत नाही. उतरता किंवा अस्ताव्यस्त दिला तरी काहीतरी आकडा देतंच. त्याआधी ही ओळ घाला, म्हणजे क्रम चढता नसला तर तिथेच एरर येईल:

असर्ट एनपी.ऑल(एनपी.डिफ(रोध_स) > ०)

प्रतिसाद २

आर्गसॉर्टला दुजोरा. थर्मिस्टरपुरती एक भर: रोध आणि तापमानाचा संबंध सरळ रेषेत नाही, म्हणून रोधाऐवजी त्याच्या लॉगवर इंटर्प करा.

एनपी.इंटर्प(एनपी.लॉग(७.०), एनपी.लॉग(रोध_स), तापमान_स)

उत्तर ३३.४ येतं. तुमचे आकडे बीटा (रोध तापमानाबरोबर किती बदलतो ते सांगणारा स्थिरांक) ३९५० च्या थर्मिस्टरशी जुळतात, आणि त्या सूत्राने ७ किलोओहमला साधारण ३३.२ अंश निघतात. सरळ रेषेतल्या ३४.६ पेक्षा हे बरंच जवळ. लॉग घेतल्याने लहान-मोठेपणाचा क्रम बदलत नाही, त्यामुळे सॉर्ट पुन्हा करावं लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, पाच नोंदींवर बरोबर चाललं. खऱ्या फाइलवर मात्र असर्ट अडतं. तिथे काही हजार नोंदी आहेत, पाणी तापताना आणि निवताना दोन्ही वेळच्या. एकच रोध अनेकदा आला आहे आणि प्रत्येक वेळी तापमान थोडं वेगळं आहे. काही ठिकाणी वायर सुटल्यामुळे नॅन (आकडाच नसलेल्या नोंदी) आहेत. सॉर्टेड(झिप(रोध, तापमान)) करून पाहिलं, तर क्रमच लागत नाही. आणि स्टेबल का द्यायचं? न देताही तेच उत्तर येतं.

प्रतिसाद १

आधी नॅन. नॅनशी केलेली लहान-मोठ्याची कुठलीही तुलना फॉल्स येते. पायथनचं सॉर्टेड या तुलनांवरच चालतं, म्हणून मधे नॅन आला की आजूबाजूच्या चांगल्या नोंदीही चुकीच्या जागी राहतात. नमपायचं आर्गसॉर्ट नॅन शेवटी ढकलतं, त्यामुळे बाकीचा क्रम नीट राहतो. तरी ते आधीच काढलेले बरे, आणि दोन्ही अ‍ॅरेंना एकच गाळणी लावून:

ठीक = एनपी.इजफायनाइट(रोध) & एनपी.इजफायनाइट(तापमान)
रोध, तापमान = रोध[ठीक], तापमान[ठीक]

प्रत्येक अ‍ॅरेतले नॅन वेगवेगळे काढू नका. लांबी वेगळी झाली तर निदान कळेल. पण दोन्हीकडे तेवढेच, मात्र वेगळ्या जागचे नॅन निघाले, तर लांबी जुळेल आणि जोड्या सरकलेल्या राहतील. मधे & च हवं. अँड लिहिलंत तर व्हॅल्यूएरर येईल.

आता स्टेबल. सारख्या किमतींच्या नोंदी मूळ क्रमातच राहतील, ही हमी त्याने मिळते. आर्गसॉर्टची मूळ पद्धत क्विकसॉर्ट आहे, तिच्यात ही हमी नाही. लहान अ‍ॅरेवर फरक दिसत नाही, कारण तुकडा छोटा असला की आत इन्सर्शन सॉर्ट चालतं आणि ते स्टेबल असतं. मोठ्या अ‍ॅरेवर सारख्या किमतींचा क्रम बदलू शकतो. नमपाय १.२५ पासून प्रोसेसरच्या सोयीनुसार वेगळा वेगवान कोड वापरला जातो, तेव्हा दोन संगणकांवर हा क्रम वेगळा आला तरी नवल नाही. तापतानाची नोंद आधी आणि निवतानाची नंतर हे टिकवायचं असेल, तर स्टेबल लिहाच.

प्रतिसाद ३

रोध सारखा असेल तेव्हा तापमानाने लावायचं असेल तर एनपी.लेक्ससॉर्ट((तापमान, रोध)). मुख्य निकष शेवटी लिहायचा असतो, वाचताना वाटतं त्याच्या बरोबर उलट. पण इंटर्पसाठी याचा उपयोग नाही, कारण त्याला एका रोधाला एकच तापमान हवं. त्यासाठी सरासरी घ्या:

रोध_स, गट = एनपी.युनिक(रोध, रिटर्न_इन्व्हर्स=ट्रू)
तापमान_स = एनपी.बिनकाउंट(गट, वेट्स=तापमान) / एनपी.बिनकाउंट(गट)

युनिक उत्तर चढत्या क्रमातच देतं, म्हणजे इथे आर्गसॉर्टची गरजच उरत नाही, आणि वरचं असर्टही पास होतं. मात्र युनिक तंतोतंत समानता बघतं. १०.० आणि १०.०००००००००००००२ त्याच्या लेखी दोन वेगळ्या किमती. फाइलमध्ये एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपचे) कच्चे पूर्णांक असतील तर गट त्यांच्यावर पाडा आणि रोधात रूपांतर नंतर करा.

तापताना आणि निवतानाच्या तापमानात ठरावीक दिशेने फरक दिसत असेल, तर थर्मिस्टर आणि तापमापक एकाच वेगाने तापत नाहीत असा त्याचा अर्थ. सरासरीने तो झाकला जाईल. आधी दोन्ही भाग वेगळे काढून आलेखावर बघा.

धागाकर्ता

कच्चे आकडे आहेत, यूइंट१६ (१६ बिटांचे बिनचिन्ह पूर्णांक) मध्ये. थर्मिस्टर जमिनीच्या बाजूला आहे, म्हणजे रोध वाढला की आकडा वाढतो. तापमान चढतं मिळावं म्हणून सॉर्ट उतरत्या क्रमात करायचं असेल तर आर्गसॉर्ट(-आकडे) चालेल ना?

प्रतिसाद ३

यूइंट१६ वर नका करू. त्यात ऋण संख्या नसतात, त्यामुळे -५ चे ६५५३१ होतात. गंमत अशी की बाकी सगळ्यांचा उतरता क्रम बरोबर लागतो, फक्त ० चुकतो: -० म्हणजे ०च, आणि तो शेवटी जायच्या ऐवजी पहिला येतो. तुमच्या जोडणीत ० म्हणजे थर्मिस्टर शॉर्ट, म्हणजे नेमकी बिघाडाची नोंद यादीच्या डोक्यावर. आधी आकडे.अ‍ॅजटाइप(एनपी.इंट३२) करा, मग उणे लावा.

क्रम[::-१] करून उलटा केला तरी चालतं, फक्त सारख्या किमतींचा आपसातला क्रमही उलटतो आणि नॅन राहिले असतील तर ते पुढे येतात. वरच्या युनिक पद्धतीत सारख्या किमती उरतच नाहीत, तेव्हा तिथे [::-१] निर्धोक आहे. पण इंटर्पला द्यायचा अ‍ॅरे चढताच ठेवा. उलटा क्रम फक्त तक्ता छापण्यासाठी.

प्रतिसाद २

पुढे फाइल पंडाजमध्ये (पायथनची तक्त्यांसाठीची लायब्ररी) वाचणार असाल तर डेटाफ्रेमची अख्खी ओळ एकत्र हलते: डीएफ.सॉर्ट_व्हॅल्यूज(['रोध', 'तापमान'], इग्नोर_इंडेक्स=ट्रू). एकच स्तंभ सॉर्ट करून डीएफ['रोध'] = डीएफ['रोध'].सॉर्ट_व्हॅल्यूज() असं परत ठेवलंत तर काहीच बदललेलं दिसणार नाही. पंडाज इंडेक्स जुळवून प्रत्येक किंमत तिच्या मूळ ओळीत नेऊन बसवतं.

धागाकर्ता

इंट३२ करून कच्च्या आकड्यांवर युनिक आणि बिनकाउंट चालवलं, असर्ट पास झालं. ०, २५ आणि ५० तिन्ही अंशांवर तपासलं, जुळतं आहे. तापताना आणि निवतानाचे आलेख वेगळे काढले, तर निवतानाची रेषा सगळीकडे एकाच बाजूला सरकलेली आहे. आता पाणी ढवळत, आच कमी ठेवून नव्याने नोंदी घेतो.