मदत हवी आहे : मार्क 4:11-12 नवख्या मैत्रिणीला कसं समजवावं?

दर गुरुवारी 45 मिनिटं आम्ही चौघं मार्काचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूच्या जीवनाचं पुस्तक) वाचतो. दोघे मंडळीपासून (चर्चपासून) दुरावलेले, मैत्रीण पहिल्यांदाच शास्त्र वाचतेय. मोठ्याने वाचन, मग दोनच प्रश्न: येशू इथे काय करतो, मला काय सांगतो? शेवटी प्रार्थना, सक्ती नाही.

तीन अध्याय छान गेले. चौथ्यात 'बाहेरच्यांना' समजू नये म्हणून दाखले (बोधकथा), हे वाचून तिला वाटलं, आपणच बाहेरच्या. येशू इथे ज्याचे शब्द वापरतो ते जुन्या करारातलं यशया 6:9-10 दाखवलं. संदर्भ कळला, मन मात्र दुखावलेलंच. लूक 15 कडे (हरवलेलं सापडल्याचे दाखले) वळता येईल, पण कठीण वचन टाळणं प्रामाणिक वाटत नाही. पाळकांसमोर (चर्चच्या धर्मगुरूंसमोर) ती संकोचेल.

4:10 मध्ये बारा शिष्यांखेरीज येशूभोवतीचे इतरही अर्थ विचारतात आणि त्यांनाच तो उलगडून सांगतो. म्हणजे जो थांबून विचारतो तो आतला, असं तिला सांगणं वचनाला धरून होईल का?