रत्नागिरी शहर : घरच्यांना घेऊन काय पाहिलंत? (अनुभव धागा)

आमच्याकडे दर सुट्टीत एकच वाद. गणपतीपुळे करायचंच, आणि रत्नागिरी? 'वाटेत बघू.' वाटेत म्हणजे दुपारी दीड ते चार, त्यातला तास जेवणात आणि अर्धा पार्किंग शोधण्यात. गेल्या दिवाळीत मी हट्टाने शहरातच तीन रात्री मुक्काम केला, तरी मत्स्यालय राहिलंच. म्हणून हा धागा. फक्त शहराबद्दल लिहा, फार तर आरे-वारेच्या किनाऱ्यांपर्यंत. आजी-आजोबा, लेकरं सगळी बरोबर असताना काय जमलं आणि काय फसलं, दोन्ही येऊ द्या. 'निसर्गरम्य' हा शब्द टाळलात तर उपकार होतील.

सुरुवात मीच करते. सासूबाईंना रत्नदुर्ग किल्ल्यावर भगवतीची ओटी भरायची होती. गाडी बरीच वर जाते, पुढच्या पायऱ्या त्यांनी थांबत थांबत चढल्या. देवळात शांत होतं. बुरुजावर मात्र असा वारा, की पदर सांभाळावा की ताट! तीन बाजूंना पाणी, खाली मिरकरवाड्याच्या बोटी. नारळ माझ्या हातात देऊन त्या कितीतरी वेळ कठड्याशी उभ्या. मग म्हणाल्या, "लाटा फुटताना दिसतायत, पण आवाज कसा नाही गं?" तोही वारा नेत होता. ऊन चढायच्या आत जा, सावली कमी आहे.

नाशिकहून

आम्ही थिबा राजवाड्याला सोमवारी गेलो. सोमवारी बंद. चूक माझीच, पण बायकोने ती पुढचे चोवीस तास वाया जाऊ दिली नाही. मंगळवारी परत गेलो.

सातवीतल्या लेकीला वाटेत गोष्ट सांगत होतो. थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा, आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा, 1885 मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं, दुसऱ्या वर्षी राणी आणि मुलींसकट त्याला इथे आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये तो वारला. तिने लगेच हिशोब केला, "म्हणजे आयुष्यभर भाड्याच्या घरात आणि शेवटची सहा वर्षं स्वतःच्या?" स्वतःच्या कसलं, म्हटलं, तेही सरकारचंच.

आत फार सामान असेल या अपेक्षेने जाऊ नका. बघायचा तो वाडाच. लाल विटा, उतरती छपरं, वरच्या मजल्यावर लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या. लेक एका खिडकीशी गेली आणि म्हणाली, "इथून त्याला बोटी दिसत असतील ना? जाणाऱ्या?" पुढचा अर्धा तास घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. आमच्या घरासाठी हा विक्रम आहे.

रत्नागिरीतूनच

वाडा सगळे बघतात, समाधीकडे कोणी फिरकत नाही. थिबा परत गेलाच नाही, त्याची समाधी इथे शिवाजीनगरला आहे. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले. थोरल्या राजकन्येची मुलगी, टुटू, इथेच वाढली, इथेच संसार केला, मराठीच बोलायची. 2000 साली गेली. राजाची नात गावात साधेपणाने राहिली हे सांगितलं की पाहुण्यांना आम्ही थापा मारतोय असं वाटतं. थिबा पॉइंटला सूर्यास्ताला गर्दी होते. थोडं आधी जा, भाट्याची खाडी तेव्हा जास्त चांगली दिसते.

सांगलीहून

फसलेलं सांगतो. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळू घट्ट दिसली म्हणून मेव्हण्याने गाडी थेट खाली घातली. सुरूच्या बनात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसलो. भरती कधी लागते हे आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना काय माहीत! परत येतो तर मागची दोन्ही चाकं वाळूत बसलेली आणि पाणी वीस पावलांवर. गावातल्या चार पोरांनी दोर लावून गाडी काढली. पैसे घेतले नाहीत, शिव्या मात्र मनसोक्त घातल्या. उरलेल्या दशम्या त्यांना दिल्या. दशम्या आवडल्या, मेव्हणा आवडला नाही.

पुण्याहून

टिळकांचं जन्मघर. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांना समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं, एवढं एकच बघायचं होतं. टिळक आळीतलं कौलारू कोकणी घर. पाचच मिनिटं लागतील म्हणून मी रिक्षा थांबवून ठेवली. 1856 ते 1866, दहा वर्षांचे होईपर्यंत टिळक रत्नागिरीचे, पुण्याला नंतर आले, हे बाबांनी रिक्षावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "आमास्नी म्हाईत हाय काका, तुमी पुण्यात सांगा." त्याच रिक्षाने पुढे पतितपावन मंदिरात. सावरकर इथे स्थानबद्ध असतानाच्या काळातलं, 1931 चं. सर्व जातींना खुलं असलेलं हे देऊळ भागोजीशेठ कीरांनी बांधलं. पाच मिनिटांची रिक्षा शेवटी साडेबाराला सोडली.

ठाण्याहून

मिऱ्याच्या किनाऱ्यावर 2020 च्या निसर्ग वादळात अडकलेलं बसरा स्टार जहाज बघितलं. मुलांना सगळ्या सहलीत तेवढंच आवडलं. बाकी काय लिहू.

रत्नागिरीतूनच (पुन्हा मीच)

मिऱ्यावाल्यांची जमीन दर पावसाळ्यात समुद्र खातो, तिथे सेल्फी काढताना तेवढं डोक्यात असू द्या. आणि आरे-वारे वरच्या वळणावरून बघा. दोन्ही किनारे एका नजरेत येतात. पाण्यात उतरू नका, ओढ आहे. आमची पोरंसुद्धा तिथे पोहत नाहीत. मासे खायला येणाऱ्यांनी जून-जुलै टाळा, मासेमारी बंद असते. मग ताटातली सुरमई बर्फातली निघाली म्हणून आमच्या नावाने बोटं मोडता.

चंद्रपूरहून

आमच्या पोराने समुद्र पहिल्यांदाच पाहिला, तोही मांडवीच्या किनाऱ्यावर. तर हा रडायलाच लागला. "वाळू काळी कशी? खराब झाली का?" त्याच्या चित्रकलेच्या वहीत वाळू पिवळी असते ना! भेळवाल्या काकांनी समजावलं, बाळा, हा काळा समुद्र, किल्ल्याच्या पलीकडे पांढरा समुद्र आहे, तिकडची वाळू पांढरी. खरंच लोक तसंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिकडे गेलोच. मधे फक्त किल्ल्याचा डोंगर, आणि दोन्हीकडे वेगळी वाळू.

काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड खनिज असतं, हे मी मोबाइलवर वाचून सांगितलं. पोराचा विश्वास बसला नाही. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या भरून घेतल्या, एक काळी, एक पांढरी. रेल्वेत आईची कटकट चालूच होती, "घरी वाळू नाही का आपल्याकडे? वर्धा नदीत काय कमी आहे?"

घरी येऊन जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं. ताटात काळी वाळू पसरून वरून फिरवलं, तर चुंबकाला दाढी फुटली! पांढरीतले दोनचारच कण उठले. पोरगं खूश, आई ताट घासून घासून वैतागलेली. कितीही घासलं तरी कडेच्या घडीत थोडी राहतेच.

बाटल्या टीव्हीशेजारी आहेत. पाहुणे आले की आई स्वतःच चुंबक काढून आणते.