घोळणा थांबत नसेल, तर धमनी बांधणे सुरक्षित असते का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांचा घोळणा फुटला, तेव्हा नाक चिमटीत धरूनही उपयोग झाला नाही आणि नाकात दाब देणारा बोळा (पॅक) भरल्यानंतरही रक्त घशात उतरत राहिले. आता दुर्बिणीतून धमनी बांधण्याचा सल्ला मिळाला आहे. धमनीच बंद केली, तर नाकाचा आतला भाग निकामी होणार नाही का?

उत्तर (कान-नाक-घसा शल्यचिकित्सक) : तसे सहसा होत नाही, कारण नाकाला मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या अंतर्गत आणि बाह्य अशा दोन्ही कॅरोटिड धमन्यांकडून रक्त मिळते व त्यांच्या शाखा एकमेकींना जोडलेल्या असतात. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, लिटल्स एरियात, त्यांचे जाळे असते आणि बहुतेकांचा घोळणा तिथेच फुटतो. चिमटीत धरून थांबतो तो हाच. रक्त घशात उतरते, तेव्हा मात्र ते मागून, बहुधा स्फेनोपॅलाटाइन धमनीच्या शाखेतून येत असते. ही धमनी मधल्या टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील हाडाच्या घडीच्या) मागच्या टोकाजवळ एका छिद्रातून नाकात शिरते. आम्ही तिथली श्लेष्मल त्वचा उचलतो, छिद्राच्या किंचित पुढे असलेला हाडाचा बारीक कंगोरा शोधतो आणि त्यामागे सापडलेल्या धमनीला क्लिप लावतो किंवा ती कॉटरीने (उष्णतेने जाळून) बंद करतो. तिला तिथेच फाटे फुटलेले असू शकतात, त्यामुळे एकच शाखा बंद करून थांबणे मला धोक्याचे वाटते. पूर्वी मानेतली बाह्य कॅरोटिड बांधत. पण दुसऱ्या बाजूच्या शाखांतून रक्त येऊन घोळणा पुन्हा फुटू शकत असे, म्हणून आता शक्य तितके नाकाजवळच बांधतात.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट) : जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन आणि त्यातून बारीक कण सोडून बाह्य कॅरोटिडच्या शाखा आतूनही बंद करता येतात. परंतु नाकाच्या वरच्या भागाला रक्त देणाऱ्या एथमॉइडल धमन्या डोळ्याच्या धमनीपासून निघतात. तिथे सोडलेले कण दृष्टिपटलाच्या धमनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्या शस्त्रक्रियेनेच बांधतात.

प्रश्नकर्ता : हृदयात स्टेंट असल्याने वडील अ‍ॅस्पिरिन घेतात. ती आजपासून बंद करावी का?

उत्तर (कान-नाक-घसा शल्यचिकित्सक) : स्वतःहून मुळीच बंद करू नका, कारण स्टेंटमध्ये गुठळी होणे घोळण्याहून घातक ठरू शकते. हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांना एकमेकांशी बोलायला सांगा आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा.