आपल्या जमिनीतलं शेल तेल देशाला पुरेल का?

उद्यमनगरकर:
आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप आहे. आजोबांनी इथंच ऑइल इंजिनाचे पार्ट घासले. नदीकाठचा ऊस त्याच इंजिनांवर भिजला. आज जनरेटर डिझेलवर, माल नेणारा टेम्पो डिझेलवर आणि देशाचं 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. आखातात खुट्ट झालं की आमचा हिशेब कोलमडतो. अमेरिकेनं आडव्या विहिरी खणल्या, पाणी आणि वाळू दाबानं सोडून शेल नावाचा, पोटात तेल-गॅस धरून बसलेला घट्ट खडक फोडला आणि 2018 साली ती कच्च्या तेलात जगात पहिली आली. आपल्याकडं गुजरातेतल्या खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी, दामोदर खोऱ्यात शेल आहे. पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरजवळ ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीला 2011 सालीच शेल गॅस लागला. मग आपण मागं का? माझं ठाम मत, यात पैसा ओतायलाच हवा.

पंचगंगाकाठ:
दादा, तळमळ पटते, गणित पटत नाही. अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याच्या 2013 च्या अंदाजात भारतात काढता येईल असं शेल तेल 3.8 अब्ज पिंपं (बॅरल) होतं. आपण दिवसाला 50 लाख पिंपांहून जास्त तेल वापरतो. भागाकार करा. जेमतेम दोन वर्षं, तेही थेंबन् थेंब निघाला तर!
शिवाय शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याच्या खाली येते, म्हणजे सतत नवी खणायची. आणि एकेका विहिरीला कोटभर लिटरच्या वर पाणी. एप्रिल-मेमध्ये उपसाबंदी लागली की आमच्या उसाची पानं दुपारी सुरळीगत वळतात, बांधावर उभं राहवत नाही. गोदावरी-कावेरीकाठच्या भातवाल्याला आपण हेच सांगायचं का?

उद्यमनगरकर:
सगळा देश शेलवर चालवा असं मी म्हटलेलं नाही. त्याच अंदाजात गॅस 96 लाख कोटी घनफूट आहे, तो का सोडता? भट्टीला गॅस चालतो. दहा टक्के आयात वाचली तरी केवढं परकीय चलन वाचेल! आणि पाण्याचं म्हणाल तर आपला ऊस काय कमी पितो?

खडकवाचक:
भूगर्भशास्त्र शिकवतो म्हणून लिहितो. अंदाजातला साठा आणि हाताला लागणारं तेल यांत फार अंतर असतं. पोलंडनं मोठी आशा धरली होती. विहिरी खणल्यावर खडकानं साथ दिली नाही, परदेशी कंपन्या निघून गेल्या.
दुसरं, अमेरिकेत जमिनीखालचं तेल जमीनमालकाचं असू शकतं, त्यामुळं शेतकरीच कंपनीशी करार करतो. आपल्याकडं ते सरकारचं. शेतकऱ्याच्या वाट्याला भरपाईच.
आणि अमेरिका आजही कच्चं तेल आयात करते, बरं का. शेलचं तेल हलकं, तिच्या बऱ्याच रिफायनऱ्या जड तेलासाठी बांधलेल्या.

शिरोळची आक्का:
उसाच्या पाण्याचं खरं आहे भावा, आम्ही आता ठिबक केलंय. पण ट्रॅक्टरला डिझेल लागतंच. खंबातमध्ये चार विहिरी खणून बघायला माझी ना नाही. फक्त तिथल्या बोअरचं पाणी आधी तपासा, नंतरही तपासा आणि दोन्ही आकडे गावच्या चावडीवर लावा.

पंचगंगाकाठ:
आक्का, एवढं होणार असेल तर चार विहिरींना माझाही विरोध नाही. चारशेला आहे.