हापूसमधल्या साक्यावरचे शोधनिबंध नेमके कसे शोधायचे?

लांजेकर_वनस्पती: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी साक्यावरचे, म्हणजे हापूसच्या गराचा काही भाग स्पंजसारखा होऊन खराब होतो त्या विकारावरचे शोधनिबंध हवेत. कॉलेज रत्नागिरीत. गूगल स्कॉलरवर 'हापूस साका' टाकलं तर हाताला काहीच लागत नाही, 'अल्फान्सो मँगो' टाकलं तर हजारोंचा ढीग. त्यातला कामाचा वाटणारा उघडावा, तर डॉलरमध्ये पैसे मागतात. कॉलेजात एन-लिस्ट (कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं देणारी सेवा) आहे, ते कसं वापरायचं?

ग्रंथपाल_किनारा: आधी शब्द बदला. आपला साका निबंधांत 'स्पंजी टिश्यू' म्हणून येतो, काही ठिकाणी 'इंटर्नल ब्रेकडाउन'. रोमन लिपीत, अवतरणचिन्हांसकट असं टाका:

("स्पंजी टिश्यू" ऑर "इंटर्नल ब्रेकडाउन") अँड (अल्फान्सो ऑर मँजिफेरा)

मँजिफेरा हे आंब्याचं शास्त्रीय नाव. ऑर, अँड मोठ्या अक्षरांत. कंस गाळू नका. वेब ऑफ सायन्स हा निबंधांचा डेटाबेस आधी अँड जोडतो, मग ऑर. त्यामुळे कंस नसतील तर आंब्याशी संबंध नसलेले, हाडांतल्या आणि पानांतल्या स्पंजी टिश्यूवरचेही निबंध यादीत घुसतात. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं काही डेटाबेसना कळत नाहीत, ती कीबोर्डवरून पुन्हा टाका. 'जेली सीड' हा आंब्याचा वेगळा विकार, तो यात मिसळू नका.

एन-लिस्टसाठी तुमचा ईमेल कॉलेजच्या ग्रंथपालांनी नोंदवावा लागतो, मग लॉगिन मिळतं. लॉगिन एन-लिस्टच्या साइटवर करा आणि तिथूनच प्रकाशकाकडे जा. थेट प्रकाशकाची साइट उघडलीत तर तुम्ही कुठल्या कॉलेजचे हे तिला कळत नाही, म्हणून पैसे मागते. कॉलेज सरकारी असेल तर 1 जानेवारी 2025 पासूनच्या 'वन नेशन वन सब्स्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेत आहे का, तेही विचारा. त्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं आहेत.

दापोली_उद्यानविद्या: ग्रंथपालांनी सांगितलं ते बरोबरच, पण साक्यासाठी एवढ्यावर थांबू नका. जुनं भारतीय काम मोठ्या डेटाबेसमध्ये बरंचसं नसतंच. कृषिकोशवर जा, तिथे कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत, आमच्या कोकण कृषी विद्यापीठाचेही. साक्यावरचा एखादा प्रबंध मिळाला की सरळ शेवटची 'लिटरेचर सायटेड', म्हणजे संदर्भांची यादी काढा. मग त्यातल्या महत्त्वाच्या निबंधाचं शीर्षक स्कॉलरवर टाकून 'सायटेड बाय'वर क्लिक करा. यादी मागे, जुन्या निबंधांकडे नेते; 'सायटेड बाय' पुढे, त्याचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या निबंधांकडे आणतं. साक्याचा बाठेशी काय संबंध, यावरचं काम 'करंट सायन्स' या नियतकालिकात आहे, ते फुकट वाचता येतं.

लांजेकर_वनस्पती: धन्यवाद! कॅम्पसमध्ये बसून उघडलं तरी एका निबंधाला पैसे मागतंय, ते का?

ग्रंथपाल_किनारा: फोनचा हॉटस्पॉट चालू आहे का बघा. कॅम्पसची ओळख आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून पटते. मोबाईल डेटा किंवा व्हीपीएन असेल तर तुम्ही बाहेरचेच. कॅम्पसचं वायफाय जोडून पान पुन्हा उघडा, वर संस्थेचं नाव दिसलं की काम झालं. तरीही अडलं तर तो अंक वर्गणीत नसेल. मग स्कॉलरवर निबंधाखालच्या 'ऑल व्हर्जन्स'मध्ये लेखकाने ठेवलेली पीडीएफ शोधा.

पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून निबंधांचे 10 ने सुरू होणारे डीओआय (प्रत्येक निबंधाचा ओळख-क्रमांक) वहीत लिहून ठेवा आणि जोडणी असेल तेव्हा एकेक निबंध डाउनलोड करा. एका दमात शंभर पीडीएफ ओढू नका. प्रकाशक अख्ख्या कॅम्पसचा प्रवेश बंद करतो आणि बाकीची मुलं अडकतात.